भाड्याने देणे आहे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यात आता एका तिसऱ्या गोष्टीची भर घालायला हरकत नाही : भाडेकरी पाहावा ठेवून! घर बांधताना माणूस थकतो, लग्न करताना कर्जात पडतो. पण भाडेकरी ठेवताना त्याला थोडा वकील, थोडा गवंडी, थोडा हिशेबनीस आणि पुष्कळसा माणूस व्हावे लागते.

दिवाळीच्या अंकात प्रवासाचा लेख म्हटला की वाचक काश्मीरची, केदारनाथाची किंवा निदान युरोपची अपेक्षा धरतो. मी मात्र तुम्हाला दोनच ठिकाणी नेणार आहे. एक मुंबईतले गिरगाव आणि दुसरी पुण्याजवळची हिंजवडी. मधले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण वयातले अंतर शंभर वर्षांचे. दोन्ही वस्त्या भाड्यावर वाढल्या, एवढेच त्यांचे नाते.

ह्या यात्रेला निमित्त झाला माझा भाचा. वय वर्षे चौतीस, संगणकाच्या कंपनीत नोकरी, हिंजवडीत भाड्याने दिलेला एक फ्लॅट आणि डोक्यात आणखी चार. त्याचा फोन आला, "मामा, दुसरं घर घेतोय. मग दोन वर्षांत तिसरं. तुमची निवृत्तीची रक्कम नुसती पडून आहे, त्यातले दहा लाख ह्यात घाला. भाड्यात तुमचा वाटा. आपण पोर्टफोलिओ वाढवू!"

आमच्या वेळी पोर्टफोलिओ मंत्र्यांना मिळत असे. तो आता घराघरात मिळू लागला आहे हे ऐकून मला आनंद झाला; पण दहा लाख म्हणजे माझ्या आणि हिच्या म्हातारपणाची औषधे. "येऊन पाहतो," असे मी सांगितले, आणि पुण्याची गाडी पकडण्याआधी पाय गिरगावाकडे वळवले. कारण भाडेकरी म्हणजे काय हे मला गिरगावाने शिकवले. मी तिथल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत जन्मलो.

गिरगाव

आता गिरगावात जायला चर्नी रोडलाच उतरले पाहिजे असे नाही. २०२५ साली भुयारी मेट्रोचे स्थानक गिरगावाच्या पोटातच उघडले. सरकत्या जिन्याने वर आलो की बाहेर उन्हात तेच जुने गाव उभे! ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट, झावबावाडी. काही वाड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले आहेत, खोताच्या वाडीत थोडी कौलारू घरे अजून तग धरून आहेत, आणि मधूनमधून लाकडी कठड्याच्या चाळी टेकू घेऊन उभ्या आहेत, म्हाताऱ्या माणसाने काठी घ्यावी तशा.

चाळ म्हटली की आपल्याला गणपती आठवतो, आणि ते बरोबरच आहे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली इथल्या केशवजी नाईकांच्या चाळीतच बसला. पण चाळ ही मुळात गुंतवणूक होती, हे आपण विसरतो. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि कचेऱ्या ह्यांनी माणसे शहरात ओढली. त्या माणसांना डोके टेकायला जागा हवी होती. ज्याच्याजवळ थोडा पैसा होता त्याने वाडीतला तुकडा घेतला, एका लांबलचक गॅलरीला खोल्या ओवल्या, टोकाला सामाईक नळ आणि संडास दिले आणि दारावर पाटी लावली : 'भाड्याने देणे आहे.' गिरगावातली कितीतरी बिऱ्हाडे अशा पाट्या वाचूनच आली.

आमच्या मालकांच्या आजोबांनी पहिली चाळ पहिल्या महायुद्धाच्या आधी बांधली. ती गहाण टाकून दुसरी उभी केली आणि दोघींच्या भाड्यावर तिसरी. भाच्याची योजना ऐकताना मला हे आजोबाच आठवले होते. त्यांना पोर्टफोलिओ हा शब्द ठाऊक नव्हता, इतकाच फरक!

त्यांचे नातू आता पंचाहत्तरीला आले आहेत. तिसऱ्या चाळीच्या तळमजल्यावरच राहतात. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझे थोरले काका अजून वर राहतात, त्यामुळे आमचे नाते मालक-भाडेकरी असेच आहे आणि त्यात आता गोडवाही आला आहे.

"तुमच्या वडलांची पावती दाखवू?" असे म्हणून त्यांनी एक वही काढली. महिना ११ रुपये. १९४० सालचे भाडे.

हे ११ रुपये पुढे अर्धशतक हललेच नाहीत. त्याची कथा अशी. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल तेच 'प्रमाणित भाडे' म्हणून गोठवले. युद्ध संपले, महागाई चढली, नारळाचा भाव चढला, आमचे भाडे मात्र चढले नाही. दुरुस्ती परवडेना, तेव्हा १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमून उपकर बसवावा लागला. मग मालकांनी भाडेकरार टाळून 'लीव्ह अँड लायसन्स'चा आडमार्ग काढला. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या धसक्याने मुंबईत कित्येकांनी घरे भाड्याने देण्यापेक्षा कुलपात ठेवणे पत्करले. शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे गोठलेले भाडे आता न्यायाला धरून राहिलेले नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंवर त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. अकरा रुपयांचे चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे!

"एक काळ असा होता," मालक म्हणाले, "की तिन्ही चाळींचं भाडं गोळा करायला जो माणूस ठेवला होता, त्याचा पगार भाड्याहून जास्त व्हायला लागला. मग मी स्वतःच जिने चढायला लागलो. आजोबांनी चाळी मोजल्या हो. कायदा बदलेल हे कसं मोजणार?"

मी गप्प बसलो. कारण ह्याच नाण्याची दुसरी बाजू मी होतो. तो कायदा नसता तर माझ्या वडिलांना, एका साध्या कारकुनाला, चार मुलांना घेऊन गिरगावात राहताच आले नसते. आमच्या शाळा, आमच्या आईचा दवाखाना, आमचे वाचनालय, सगळे त्या अकरा रुपयांत होते. मालकांच्या घरचे जे गेले त्यातले काही आमच्या घरी आले. हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी चहा मागवला.

निघताना म्हणाले, "भाच्याला एवढंच सांगा. आजोबांची तिसरी चाळ दुसरीच्या खांद्यावर उभी होती, दुसरी पहिलीच्या. पहिलीचं भाडं गोठलं, त्या दिवशी तिन्ही बसल्या."

हिंजवडी

संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने निघालो. १९३० पासून धावणारी ही गाडी मुंबईकराला पुण्यात नेताना अजून घाटात थोडी कवी करतेच. शिवाजीनगरला भाचा गाडी घेऊन उभा होता. वाकड ओलांडले आणि खिडकीतून दिव्यांचे डोंगर दिसू लागले.

एकेकाळी हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशीच्या वाटेवरची शेतकऱ्यांची गावे. गेल्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने इथे संगणक कंपन्यांसाठी जमीन घेतली, राजीव गांधींच्या नावाचे उद्यान वसवले आणि त्याचे एकामागून एक तीन टप्पे झाले. गिरगावला जे गिरण्यांनी आणि कचेऱ्यांनी केले ते हिंजवडीला संगणकाने केले. नागपूर, लातूर, इंदूर, भुवनेश्वर इथली पोरे बॅगा घेऊन उतरली आणि त्यांच्यासाठी पाट्या लागल्या. पाट्यांवर आता 'टू-लेट' असते, इतकेच.

इमारतींची नावे वाचून आपण इटलीत उतरलो की काय असे वाटते. पण खाली पाहावे तर पाण्याचे टँकर रांगेत उभे! डोक्यावर शिवाजीनगरहून माणला येणाऱ्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे खांब आणि खाली सकाळ-संध्याकाळ वाहनांचा असा लोंढा की, त्यातून कचेरीपर्यंत जाणारा इसम आधीच दमून जावा. म्हणून कचेरीपासून चालत जाता येईल अशा घराला भाडे चांगले मिळते. नव्या गुंतवणूकदाराने इमारतीतला तरणतलाव पाहण्याआधी हे अंतर पायांनी मोजावे.

रात्री भाच्याच्या गच्चीतून मी समोरच्या मनोऱ्यातल्या खिडक्या मोजल्या. शंभरात तिसाच्या वर अंधार.

"माणसं झोपली असतील, मामा."

"एवढ्या लवकर?"

तो हसला. पण अंधाऱ्या खिडकीचे हप्तेही बँक घेतच असते.

जेवणाच्या टेबलावर

दुसऱ्या दिवशी रविवार. भाच्याने मोबाईलवर एका अमेरिकन गृहस्थाचे व्याख्यान लावले. एक घर घ्यायचे, भाड्याने द्यायचे, त्याची किंमत वाढली की त्यावर पुन्हा कर्ज काढायचे आणि दुसरे घ्यायचे. गृहस्थ बोलण्यात पटाईत होता. पण एक गोष्ट त्याने सांगितली नाही, कारण त्याच्या देशात ती सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत तीस वर्षांचे कर्ज एकाच, न बदलणाऱ्या व्याजदराने सर्रास मिळते. आपल्याकडच्या बहुतेक गृहकर्जांचा दर तरता असतो. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहाला पोचला. चाळीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज सात टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ३१,००० बसतो. तेच साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर ३७,३०० च्या आसपास. भाडेकरी मात्र रेपो दर पाहून भाडे वाढवून देत नाही.

मी वही पुढे ओढली. भाच्याचे घर डिसेंबर २०२० चे. त्या वेळी सरकारने मुद्रांकशुल्कात तीन टक्के सूट दिली होती, म्हणून त्याने घाई केली. घर ५० लाखांना, वरचा खर्च, पंखे, दिवे, गिझर धरून ५३ लाख. त्यात कर्ज ४० लाख. घर हाती आले तेव्हा करोनामुळे सगळी कचेरी आपापल्या गावी बसून काम करत होती. सात महिने कुलूप. मग १४ हजारांनी गेले. आज २४ हजार येतात.

"म्हणजे वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार!" भाचा म्हणाला.

"आता खर्च सांग."

भाडेकरी दरवर्षी बदलतो, त्यात एक महिना घर रिकामे आणि एक महिन्याचे भाडे दलालाला : ४८ हजार. सोसायटीची वर्गणी महिना तीन हजार : ३६ हजार. घरपट्टी ८ हजार. रंग, नळ, बिघडलेले दिवे : १६ हजार. एकूण १ लाख ८ हजार. हाती उरले १ लाख ८० हजार, म्हणजे महिना पंधरा. घातलेल्या पैशाला साडेतीन टक्केही नाहीत! आणि कर्ज अजून ३५ लाखांचे, सव्वाआठ टक्क्यांनी. हप्ता ३४ हजार, त्यात नुसते व्याजच २४ हजार.

"दरमहा एकोणीस हजार तू खिशातून घालतोस," मी म्हणालो.

"पण मामा, हप्त्यातलं मुद्दल माझंच आहे की. आणि किंमतही वाढलीय."

दोन्ही खरे होते. मुद्दल फिटते ती बचतच. पण व्याजसुद्धा भाड्याने भागत नाही, म्हणजे ते घर अजून पगाराच्या कडेवर आहे. दुसरे घेतले तर दोन कडेवर आणि तिसरे पाठुंगळी. नोकरी गेली तर तिन्ही एकदम खाली! राहिली किंमत, तर ती विकल्याशिवाय हाती येत नाही आणि विकले की भाडे संपते. गिरगावच्या चाळींची किंमतही आकाशाला भिडली होती, पण मालकांना जिने चढावेच लागले. मी माझे दहा लाख २०२३ साली टपाल कार्यालयाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, त्यावर ८.२ टक्के मिळतात. साडेतीनसाठी ते मोडायचे कशाला, ह्याचे उत्तर व्याख्यानातल्या गृहस्थापाशीही नसावे.

भाचा थोडा हिरमुसला. म्हणाला, "चला, घर तरी बघा."

पाळण्याची कडी

सातव्या मजल्यावर लातूरकडचे एक तरुण जोडपे राहत होते. दीड वर्ष झाले होते. दोन महिन्यांचे बाळ कोपऱ्यात अंथरुणावर झोपले होते. मुलीने पाणी आणले आणि नवऱ्याकडे पाहिले. तो चाचरत म्हणाला,

"सर, एक विचारायचं होतं. छताला पाळण्यासाठी कडी बसवली तर चालेल का? जाताना बुजवून देऊ. नाहीतर... हिच्या आईंचं म्हणणं, दुसरं घर बघा."

भाच्याच्या चेहऱ्यावर छताच्या रंगाची काळजी उमटली. "भोक पाडावं लागेल," तो म्हणाला. "करारात तर..."

मला गिरगावची खोली आठवली. आमच्या तुळईला कडी होती. आधीच्या बिऱ्हाडाने ठोकलेली. तिच्यावर मी झोपलो, माझी तिन्ही भावंडे झोपली, ह्या भाच्याची आईसुद्धा! मालकांच्या आजोबांनी तिच्याबद्दल कधी कोणाला विचारले नव्हते.

मी भाच्याला गॅलरीत नेले. "अरे, तुझ्या हिशेबात सर्वांत मोठा आकडा कोणता?"

"दलाली आणि रिकामा महिना. अठ्ठेचाळीस."

"हे कुटुंब तीन वर्षं राहिलं तर तो खर्च तीन वर्षांत एकदाच. म्हणजे वर्षाला सोळा. बत्तीस हजार वाचले. कडीला किती लागतील?"

तो हसला. हिशेबी मुलगा आहे. तिथेच उभ्या उभ्या त्याने पुढचे गणित केले. हाती येणारे १ लाख ८० हजार, त्यात हे बत्तीस, झाले २ लाख १२ हजार. दुसऱ्या घराच्या पहिल्या रकमेसाठी त्याने दहा लाख साठवले होते. ते ह्याच कर्जात भरले तर कर्ज २५ लाख, व्याज वर्षाला २ लाख ६ हजार. भाड्याच्या आत!

"मामा, म्हणजे घर स्वतःच्या पायावर उभं राहील."

"मग दुसरं बघ. ते सुद्धा ह्याच्या खांद्यावर नव्हे, शेजारी उभं राहणारं."

आत येऊन त्याने कडीला होकार दिला. मुलीने निश्वास टाकला तो गॅलरीपर्यंत ऐकू आला.

वाचकांपैकी कोणी पहिले-दुसरे घर भाड्याने देण्याच्या बेतात असतील, तर ह्या यात्रेतून आणलेला प्रसाद वाटून टाकतो. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. तोंडी करारात वाद झाला की भाडेकरी सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. स्वतः न राहता घर भाड्याने दिले म्हणून सोसायटीला जादा आकार घेता येतो. पण २००१ च्या शासन आदेशाने तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. प्राप्तिकरात भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर तीस टक्के सूट मिळते, मग तुमचा दुरुस्तीचा खर्च कितीही होवो. आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय दुसऱ्या घराची पाटी वाचायलासुद्धा थांबू नये.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा भाच्याच्या घरी कारागीर येऊन गेला होता. त्याने मोबाईलवर छायाचित्र पाठवले. पांढऱ्या छताला एक लोखंडी कडी आणि तिला हिरव्या लुगड्याचा पाळणा. खाली त्याने लिहिले होते, 'बँकेत सोमवारी जातो. कडीचे साडेतीनशे झाले. दुरुस्तीत धरू की गुंतवणुकीत?'

मी लिहिले, 'गुंतवणुकीत.'